तुकोजी सरांचं महिदपूर

इंदूरच्या रामबागेत राहणारे तुकोजी जगदाळे सर महिदपूरची लढाई गेली चाळीसएक वर्षं हरत आले होते. खुद्द होळकर ती एकदाच हरले. १८१७ सालचा डिसेंबर, क्षिप्रेचा काठ, पलीकडून इंग्रज आणि अलीकडे होळकरांच्या तोफा. तोफांनी इंग्रजांना चांगलं भाजून काढलं, पण दिवस मावळायच्या आत लढाई गेली आणि पुढे मंदसोरच्या तहात राज्याचा मोठा लचकाही गेला. होळकरांच्या फौजेत त्या दिवशी जगदाळ्यांचे एक पूर्वज होते. ते नेमकं काय करत होते हे घराण्यात कोणी सांगत नाही. त्यावरून ते काय करत असतील याचा अंदाज येतो.

होळकरांनी एकदा हरून विषय संपवला. सर मात्र रोज नव्याने हरत. कधी सकाळच्या चहाआधी, कधी जेवणानंतर पान लावता लावता, दिवाळीत चकली तोंडात धरून. हरले की दोन मिनिटं छताकडे बघत, मग म्हणत, "उजवी बाजू कच्ची राहिली." भानुमतीबाई आतून म्हणत, "काल डावी होती."

कारण सरांचं महिदपूर कॉम्प्युटरमध्ये होतं, आणि ते तिथे घालणारे सरच होते.

त्याचं असं झालं. सर शाळेत गणित शिकवायचे. त्यांचा आत्येभाऊ जयेश अमेरिकेत होता आणि तिथून येणाऱ्या कोणाच्या तरी हाती मासिकांचा एक गठ्ठा पाठवायचा. एका मासिकात सरांना कळलं की तिकडची चांगली शिकली-सवरलेली माणसं जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून, पुठ्ठ्याच्या चौकोनी सोंगट्या मांडून जुन्या लढाया पुन्हा लढतात. एकेका लढाईला नियमांची पुस्तिका. चिखलात तोफ किती हळू चालेल, टेकडीवरून मारा किती लांब जाईल, सगळं बेरीज-वजाबाकीत. लढाई आठवडेच्या आठवडे चाले आणि घरची माणसं तोवर जमिनीवर बसून जेवत. मांजर नकाशावरून चालत गेली की दोन्हीकडच्या फौजांचा नायनाट.

सर गणिताचे, घराणं फौजेचं. हे वाचून त्यांना झोप येणं शक्यच नव्हतं.

त्या नकाशांवर घरं असत ती षटकोनी. चौकोनी का नाहीत? चौकोनात तिरकं गेलं की अंतर वाढतं, षटकोनाचे सहाही शेजारी सारख्याच अंतरावर. आणि सरांच्या घराच्या ओसरीवर नेमकी षटकोनी फरशी! सरांनी खडूने क्षिप्रा काढली. तुरीची डाळ म्हणजे घोडदळ, हरभरे म्हणजे तोफा. इंग्रज म्हणून साबुदाणा, रंगावरून. लढाई रंगात आली आणि नेमकी एकादशी आली. भानुमतीबाईंनी इंग्रज भिजत घातले.

"अगं, माझा शत्रू कुठे गेला?"

"खिचडीत. दाण्याचं कूट घालू का वरून?"

सरांचं खरं दुखणं मात्र वेगळंच होतं. खेळायला समोर कोणी नव्हतं. दोन्ही बाजूंनी स्वतःच खेळायचं, म्हणजे दोन्हीकडच्या मसलती आपल्याला ठाऊक. शत्रूला फसवायचं म्हणजे स्वतःलाच फसवायचं. ते सरांना कधी जमलं नाही.

पुढच्या गठ्ठ्यात तोड सापडली. अमेरिकेत काही मंडळींनी या लढाया घरगुती कॉम्प्युटरवर चढवल्या होत्या. एकेकटी माणसं घरी बसून असे खेळ लिहीत, गाण्याच्या असते तसल्याच कॅसेटवर उतरवून घेत आणि पुस्तिकेची झेरॉक्स जोडून प्लास्टिकच्या पिशवीतून विकत. दिसायला ओबडधोबड. तोफ म्हणजे एक अक्षर, जंगल म्हणजे दुसरं. एक चाल करायची आणि कॉम्प्युटरचा विचार होईस्तोवर चहा पिऊन यायचं. पण नियमांची आकडेमोड तो करी, शत्रू कुठे आहे हे लपवून ठेवी, आणि मुख्य म्हणजे समोर बसून खेळे. त्याला घरून जेवायला हाक येत नसे.

आणि त्याच सुमाराला सरकारच्या एका योजनेतून शाळेत दोन कॉम्प्युटर आले. खोलीला पडदे लागले, गार हवेचं यंत्र बसलं, चपला दाराबाहेर. मुख्याध्यापकांनी नारळ फोडला आणि पाणी उडू नये म्हणून आधी कॉम्प्युटरवर स्वतःची शाल पांघरली. गणिताचा मास्तर म्हणून ती खोली आली सरांकडे. आज फोनमध्ये एका फोटोला जेवढी जागा लागते, तिच्या शंभराव्या हिश्श्यात सरांनी अख्खं महिदपूर बसवलं. शाळा सुटल्यावर रोज थोडं थोडं करत, वर्षभर. कॅसेट भानुमतीबाईंच्या भजनांची होती. तेव्हापासून होळकरांच्या फौजेआधी अर्धा मिनिट टाळ वाजत. पुढे शाळेने मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर सरांनी घरीच आणला.

आता या खेळातली एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी. मराठी फौजेबरोबर बुणगे असत, म्हणजे आचारी, भिस्ती, तंबू, बैल, बायकापोरं असा सगळा न लढणारा लवाजमा. सरांनी नियम केला की होळकरांची जी तुकडी बुणग्यांपासून लांब जाईल ती उपाशी, आणि उपाशी तुकडी अर्ध्या चालीने चालणार. शिवाय बुणगे शत्रूच्या हाती लागले तर खेळ तिथेच खलास. असा नियम इंदूरच्याच माणसाला सुचणार. जिथे पोहे-जलेबी पोटात गेल्याशिवाय भांडणसुद्धा सुरू होत नाही, तिथे लढाई कुठून होणार? इंग्रजांना ही अडचण नव्हती. सरांच्या मते ते पाठीवर बिस्किटं घेऊन येत.

इंग्रजांकडून कॉम्प्युटर खेळे. होळकरांकडून सगळी शाळा. इंग्रज व्हायला कोणी तयारच नव्हतं. सर प्रत्येकाला बजावत, "बुणगे मागे ठेव रे बाबा, लांब, टेकडीआड. घराणं सांभाळ, मग लढ." मुलं बुणगे टेकडीआड ठेवत, तोफा नदीकडे पळवत, तोफा वाटेत भुकेने पेंगत आणि इंग्रज उतारावरून, म्हणजे उथळ पाण्याच्या जागेवरून, नदी ओलांडून येत. इंदूरच्या मुलांची एक अख्खी पिढी अशी महिदपूरला कामी आली. त्यातली काही आज डॉक्टर आहेत. भेटली की नाडी धरायच्या आधी विचारतात, "सर, जिंकलं का कोणी?"

जिंकलं नव्हतं. सरही नाही.

याचा सर्वांत जास्त आनंद झाला तो श्रीहरी आठल्ये सरांना. ते इतिहास शिकवायचे. आजोबा रत्नागिरीकडून रेल्वेत कारकून म्हणून इंदुरात आले, त्यामुळे जुन्या दरबारी घराण्यांची थट्टा हा त्यांच्याकडे वडिलोपार्जित हक्क होता.

"तुक्या, हरणारच तू. इतिहासात हरलेत ते."

"इतिहासात हरलेत, मान्य. पण खेळ कशासाठी असतो मग? असंही झालं असतं, हे बघायलाच ना?"

"मग जिंकून दाखव."

"जिंकता येतं, भिया. नक्की येतं. फक्त अजून आलं नाही."

हा संवाद दोघांच्या निवृत्तीपर्यंत चालला आणि निवृत्तीनंतर रामबागेतल्या चहाच्या ठेल्यावर बिनतक्रार रुजू झाला.

या वर्षी भादव्याच्या सुमाराला मनीष सरांच्या घरी आला. मनीष जुना विद्यार्थी, आता पलासियात त्याचं कॉम्प्युटर गेम बनवायचं ऑफिस. सरांची कॅसेट त्याने आधीच नेऊन नव्या मशिनीत उतरवली होती. जुन्या कॉम्प्युटरचं हुबेहूब सोंग घेणारा एक प्रोग्राम असतो, त्यात महिदपूर जसंच्या तसं चाले. टाळांसकट. मनीष लालबागेच्या मैदानावर एक प्रदर्शन भरवत होता. कॉम्प्युटरवरचे जुने लढाईचे खेळ, देशोदेशीचे, लोकांनी बसून खेळायचे.

"सर, तुमचा खेळ ठेवायचाय. मधोमध. उस जमाने का, इंदूरचा, एका माणसाने बनवलेला, ऐसी चीज कुठे मिळणार?"

सरांनी भानुमतीबाईंकडे पाहिलं. भानुमतीबाईंनी मनीषच्या बशीत आणखी एक करंजी टाकली.

"बस सर, एक बात आहे," मनीष करंजीकडे बघत म्हणाला. "माझे पार्टनर लोक म्हणतात, जो खेळ एका बाजूने जिंकताच येत नाही तो खेळ नाही, बग आहे. ते त्याला कोपऱ्यात टाकणार. त्या कोपऱ्याला नाव दिलंय, 'फसलेले प्रयोग'."

करंजी बशीतच राहिली.

"मी भांडलो, सर. ते म्हणाले, कोणीतरी होळकरांकडून एकदा तरी जिंकून दाखवा, मग मधोमध. रविवारी संध्याकाळी मांडणी फायनल होणार."

तो गेल्यावर सर बराच वेळ ओसरीवर उभे होते. आयुष्यभर त्यांनी हजारो मुलांना त्रैराशिक शिकवलं, पण ते त्रैराशिक काही त्यांचं नव्हतं. स्वतःचं म्हणावं असं त्यांनी एकच केलं होतं, आणि त्यावर आता पाटी लागणार होती. फसलेला प्रयोग. हरण्याची सरांना सवय होती. फसण्याची नव्हती.

तो आठवडा सर खेळले आणि हरले. उजवी बाजू पक्की केली, डावी ढासळली. घोडदळ आधी सोडलं, ते नदीपाशी पोचेपर्यंत भुकेने आडवं. शनिवारी भानुमतीबाई म्हणाल्या, "उद्या गोठ आहे, लक्षात आहे ना? की महिदपूरलाच जेवणार?"

गोठ म्हणजे माळव्यातली सहल. पावसाळ्यात गावाबाहेर कोणाच्या शेतावर जायचं, गोवऱ्यांवर बाफले, म्हणजे कणकेचे गोळे, भाजायचे, ते तुपात बुडवायचे, डाळीबरोबर खायचे आणि तिथेच कलंडायचं. निवृत्त शिक्षकांची गोठ दर वर्षी बेटम्याजवळच्या एका शेतावर असे आणि तिची सगळी व्यवस्था सरांकडे. महिदपूर हरणारा हा माणूस गोठ मात्र एकदाही हरला नव्हता.

रविवारी सकाळी मिनीबस रामबागेत उभी राहिली. आठल्ये सर चढता चढता कुरकुरले, "आणि आचारी महाराज कुठेयत?"

"केव्हाच गेले टेम्पोने. कणीक, तूप, गोवऱ्या, सगळं घेऊन."

"कशाला रे त्या बिचाऱ्याला इतक्या लवकर पिटाळलंस? आपल्या गाडीत जागा होती की. सगळे मिळून गेलो असतो, गप्पा मारत."

तुकोजी सर या एका विषयावर कोणाचं ऐकून घेत नसत. "श्रीहरी, तुला काही कळतं का? आचारी आधी पुढे जातो! चूल आधी मांडली जाते! मंडळी आरामात मागून येतात, उतरल्या उतरल्या पान तयार. चूल मागे ठेवून मंडळी पुढे नेली तर पोचून करतील काय? उपाशीपोटी—"

आणि सर थांबले. एक पाय पायरीवर, एक जमिनीवर.

"उपाशीपोटी काय?" आठल्यांनी विचारलं.

गाडी धार रोडला लागली, सर खिडकीबाहेर बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते.

"वहिनी, याला बरं नाहीये का?"

"बरं आहे," भानुमतीबाई म्हणाल्या. "नदी ओलांडतायत."

शेतावर पानं मांडलेली होती, चूल धगधगत होती. सर पंगतीत बसले आणि त्यांनी पत्रावळीवर डाळीची नदी वाहवली. अलीकडे बाफले ठेवले, नदीला लागून लाडू ठेवला. मग लाडवाच्या अवतीभोवती बाफल्यांची जुळवाजुळव करू लागले. शेजारून आठल्यांचा हात आला आणि एक बाफला उचलून घेऊन गेला.

"श्रीहरी, ती तोफ होती!"

"छान भाजली होती."

बाफल्यांनंतर माणूस कामाचा राहत नाही. परतीच्या वाटेवर गाडीभर निवृत्त शिक्षक तुपाच्या झोपेत होते. जागे फक्त दोघे, ड्रायव्हर आणि सर. गाडी इंदुरात शिरली तसे सर पुढे जाऊन म्हणाले, "भिया, रामबाग नको. पलासिया."

अशा रीतीने संध्याकाळी मनीषच्या ऑफिसात शिक्षकांची झोपाळलेली पलटण शिरली. सदऱ्यांना गोवऱ्यांचा धूर, बोटांना तूप. मनीष उठून उभाच राहिला. त्यातल्या चौघांनी त्याला कधी ना कधी बाकावर उभं केलं होतं.

"महिदपूर लाव," सर म्हणाले.

टाळ वाजले. नकाशा उमटला. मनीषचे दोन्ही पार्टनर खुर्च्या ओढून मागे बसले. इंग्रजांच्या बाजूने आठल्ये सर उभे राहिले, नुसते बोलायला.

सरांनी पहिली चाल केली. टेकडीआडचे बुणगे उचलले आणि थेट नदीच्या उतारापाशी नेऊन ठेवले.

मनीष ओरडला, "सर! बुणगे मागे ठेवायचे असतात! तुम्हीच तर शिकवलं!"

"चुकीचं शिकवलं. बस खाली."

"अहो, बायकापोरं तोफेच्या तोंडी?" भूगोलाच्या बाई कळवळल्या.

"बाई, पंगत मांडतोय. बघत राहा."

कॉम्प्युटर विचारात पडला. पूर्वी या वेळात सर चहा पिऊन येत, आज जागचे हलले नाहीत. इंग्रज एक घर पुढे आले. सरांनी तोफा हलवल्या. त्या चालल्या! पूर्ण चालीने, नदीपर्यंत, भरल्या पोटी. चाळीस वर्षांत ज्या तोफा वाटेतच पेंगायच्या त्या उताराच्या दोन्ही अंगांना जाऊन उभ्या राहिल्या. मागून घोडदळ आलं, तेही ताजंतवानं.

"ठीक आहे," आठल्ये म्हणाले, "पण बुणगे गेले की तू गेलास. आणि माझं लक्ष बुणग्यांवरच आहे."

ते खरंच होतं. खेळातल्या इंग्रजांना सरांनीच हावरं केलं होतं. रसद दिसली की तिकडे वळायचं, हा त्यांचा स्वभाव. आजवर रसद टेकडीआड असल्याने ती हाव कोणाला दिसलीच नव्हती. आता इंग्रजांनी आपली उजवी-डावी सोडली, होती नव्हती ती फौज गोळा केली आणि एकाच उतारावरून बुणग्यांकडे निघाले. दोन घरांवर आले. एका घरावर आले. भूगोलाच्या बाईंनी डोळे मिटले. मनीष नखं खात होता. भानुमतीबाईंनी पर्समधून बडीशेप काढली आणि न चघळता नुसती हातात धरून ठेवली.

"आता," सर म्हणाले, आणि बटण दाबलं.

दोन्ही अंगांच्या तोफा एकदम सुटल्या. आवाज कसला, जुन्या कॉम्प्युटरची टुकटुक. पण खोलीतल्या प्रत्येकाच्या छातीत ती धडाडली. उतारावर दाटीवाटीने उभी असलेली इंग्रजी अक्षरं एकेक करत पुसली जाऊ लागली. सरांनी घोडदळ घातलं. कॉम्प्युटर विचार करत राहिला, करत राहिला, आणि उरलेले इंग्रज नदीपार मागे वळले. पडदा कोरा झाला. मग त्यावर अक्षरं उमटली, रोमन, वेडीवाकडी, पण मराठीच. मनीषने मोठ्यांदा वाचलं:

"शाब्बास. आता मंदसोरला जाऊ नका."

हे वाक्य सरांनी तरुणपणी लिहून ठेवलं होतं आणि आजवर कोणाच्याही नजरेला पडलं नव्हतं. काय लिहिलं होतं ते खुद्द सरही विसरले होते. त्यांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि पुसायला सदऱ्याचं टोक शोधू लागले. त्यालाही तूप.

मग जो गोंधळ झाला तो काय सांगावा! ज्या माणसांनी हयातभर वर्गात 'शांत बसा' एवढंच म्हटलं ती माणसं टेबलं वाजवत होती. मनीषने सरांना उचलायचा प्रयत्न केला, बाफल्यांमुळे जमलं नाही. दोन्ही पार्टनर पुढे आले आणि त्यातला एक आदबीने म्हणाला, "सर, मधोमध. आणि एकदम एंट्रीला मोठा बोर्ड." आठल्ये सरांनी तुकोजींच्या पाठीवर अशी थाप मारली की चष्मा हातातून सुटला.

"मेल्या, माझा अख्खा इतिहास बुडवलास तू!"

"तुझा कुठला? तुझे आजोबा तेव्हा रत्नागिरीत होते."

"चल आता," आठल्ये म्हणाले. "राजवाड्यावर खबर द्यायला नको? लढाई जिंकली की सरदार काय परस्पर घरी जातो?"

मिनीबस होळकरांच्या राजवाड्याकडे निघाली. रविवारची संध्याकाळ, बाजाराची ही गर्दी. खिडक्यांतून शिक्षक ओरडत होते आणि रस्त्यावरची माणसं ही वरात कोणाची म्हणून बघत होती. राजवाड्यासमोर गाडी थांबली. भानुमतीबाईंनी आपला शेला काढून नवऱ्याच्या डोक्याला गुंडाळला, जमेल तसा. तुकोजी सर खाली उतरले, त्या उंच दरवाजाकडे तोंड करून ताठ उभे राहिले आणि कमरेत वाकून त्यांनी मुजरा केला. जगदाळ्यांच्या घराण्यातून ही खबर यायला दोनशे वर्षांवर उशीर झाला होता, पण आली.

ट्रॅफिकचा हवालदार शिट्टी वाजवत धावत आला. "ओ अंकल! बस हटाओ! ये क्या चल रहा है?"

"भिया," सर म्हणाले, "महिदपुर जीत गए!"

हवालदाराने शेल्याकडे पाहिलं, गाडीतल्या नाचणाऱ्या म्हाताऱ्यांकडे पाहिलं.

"अच्छा? कित्ते रन से?"

सर जन्मभर गणिताचे मास्तर. चुकीच्या प्रश्नाला त्यांनी कधी उत्तर दिलं नव्हतं. आज दिलं.

"बहोत!"

"वा भिया वा!" म्हणत हवालदाराने हात वर केला, चारी बाजूंची वाहनं थोपवून धरली, आणि होळकरांची विजयी फौज राजवाड्याला पुरा वळसा घालून, हॉर्न वाजवत, रामबागेच्या दिशेने निघून गेली.